आतली कड

दाजी, काल तुमचं तेरावं झालं. फूलबाजारातले आडते आले होते, ताईच्या शाळेतल्या बाई आल्या होत्या, आणि आपल्या रविवारच्या क्लबातली मंडळी तर झाडून हजर होती. जो तो मला बाजूला घेऊन एकच सांगत होता, की तुमचे दाजी म्हणजे फार शांत माणूस. मी मान डोलावत होतो. मनात म्हणत होतो, शांत? या शांत माणसानं एका टायरवरून माझ्याशी दहाएक वर्षं भांडण चालवलं, त्यात एकदाही माघार घेतली नाही, आणि आता ते भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेला. निदान आज दुपारपर्यंत मला असंच वाटत होतं.

रडून झालंय माझं. तुम्ही कुठून बघत असाल तर दिसलंही असेल. आता जरा भांडू द्या.

भांडण डाव्या पुढच्या टायरचं. सिन्नरच्या अलीकडची ती औद्योगिक वसाहत, जिथे कारखाने येणार म्हणून आधी झकास डांबरी रस्ते झाले आणि मग कारखाने आलेच नाहीत. पाऊसकाळ संपला की महिन्यातून एका रविवारी परवानगी काढून आपण हौशी लोक तिथे गाड्या पळवायचो. शर्यत अशी नव्हतीच. ज्यानं त्यानं आपापल्या फेऱ्या मारायच्या आणि आपलाच वेळ आपण सुधारायचा. फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, म्हणजे बहुतेक वळणं उजवी. उजव्या वळणावर गाडी डावीकडे कलते आणि सगळा भार डाव्या पुढच्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर येतो. दोन-तीन रविवारांत ती कड किसणीवर घासल्यासारखी व्हायची, आणि त्याच टायरची आतली कड मात्र दुकानातून आणल्यासारखी कोरी. सगळ्यांचंच तसं होत होतं. पण इतरांच्या गाड्या रविवारपुरत्या होत्या. आपली पांढरी गाडी सोमवारी सकाळी ताईला घेऊन इगतपुरीच्या शाळेत जायची.

ताईची तिकडे बदली झाली तेव्हा मी इंदिरानगरला तुमच्याकडेच राहून डिप्लोमा करत होतो, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलं. आमच्या आईपासून तुमच्या थोरल्या भावांपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं, की मंगलनं नोकरी सोडावी. तुम्ही बैठकीत काही बोलला नाहीत. पुढच्या आठवड्यात ती पांढरी सेकंडहँड गाडी दारात आणून उभी केलीत. थोरले भाऊ म्हणाले, “बाईमानूस रोज घाटाच्या तोंडापर्यंत गाडी हाकनार?” तुम्ही टपावरची धूळ पुसत म्हणालात, “मानूस हाय ना? मंग हाकंल.”

ती वसाहत आपल्याला सापडली ती गाड्या पळवण्यासाठी नव्हे, ताईला क्लच शिकवण्यासाठी. मी मागच्या सीटवर बसायचो. गाडी आचके देऊन बंद पडली की मी खो-खो हसायचो आणि तुम्ही खिडकीतून बाहेर बघत बसायचात, जणू गाडी थांबवायचीच होती. ती पुन्हा किल्ली फिरवायची. तुम्ही एकदाही स्टिअरिंगला हात लावला नाहीत. माझ्या बहिणीची नोकरी टिकली ती तुमच्या त्या खिडकीबाहेर बघण्यामुळे, दाजी. हे मी तुम्हाला कधी म्हणालो नव्हतो. मेहुण्यानं दाजींची स्तुती करायची नसते असा काहीतरी आपला समज. आज म्हणतो.

तर टायर. रविवारी सकाळी फेऱ्या सुरू व्हायच्या आधी तुम्ही खडूनं टायरच्या कडेवर आडव्या रेघा ओढायचात. दुपारी बघायचं, रेघ कुठपर्यंत पुसली गेली. जेवढी पुसली तेवढा टायर वळणावर आडवा पडला. मग तुम्ही डोळे मिटून तळहात टायरवरून फिरवायचात. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका बाजूनं हात सरकतो आणि दुसऱ्या बाजूनं अडतो, तर चाक नीट चालत नाही. मलाही तुम्हीच शिकवलंत ते. “मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरव अन् सुलटा फिरव, तसं हाय हे,” म्हणायचात. डोळे मिटण्याची काय गरज, हे मात्र कधी सांगितलं नाहीत.

रोगावर आपलं एकमत होतं, औषधावर नव्हतं. तुमचं म्हणणं, टायर फिरवायचे. डावा पुढचा काढून मागे टाकायचा, मागचा पुढे आणायचा, आणि एकदा बाहेरची कड खाल्ली गेली की टायर रिमवरून उतरवून उलटा बसवायचा, म्हणजे बाहेरची कड आत. चौघांनी सारखं झिजायचं. तुम्ही शेतकीचे पदवीधर, फुलांची शेती करणारे, तुमच्या सगळ्या दाखल्यांना शेवंतीचा वास. “एकच वाफा भिजत ऱ्हायला तर तिथं मुळं कुजतात अन् बाकीचं वाळतं. आपन पानी फिरवतो का नाय? टायर बी फिरवायचे.”

“रोग एका चाकाला आणि औषध चौघांना?” मी विचारायचो.

अंबडला माझं छोटं वर्कशॉप सुरू झाल्यावर तर माझा आवाज आणखी चढला. माझं म्हणणं साधं होतं. चाकाचा वरचा भाग किंचित आत झुकवला, की वळणावर गाडी कलली तरी टायर रस्त्यावर पूर्ण टेकतो आणि बाहेरची कड वाचते. गॅरेजवाले त्याला कॅम्बर म्हणतात. बोल्टचं एक भोक जरा लांबट करायचं, तासाभराचं काम. झिजल्यावर टायर फिरवत बसण्यापेक्षा मुळात झिजूच का द्यायचा?

तुम्ही ऐकून घ्यायचात. मग ठरलेलं उत्तर. “अन् सोमवारी? सरळ रस्त्याला ते झुकलेलं चाक आतल्या कडेवर चालंल. बाहेरची कड झिजली तर मंगलला दिसती. आतली कोनाला दिसती?”

“दर आठवड्याला बघायची.”

“कोन बघनार? तू?”

“बघेन की वेळ मिळेल तसा.”

यावर तुम्ही फक्त हसायचात. मला त्या हसण्याचा फार राग यायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. शब्दसुद्धा बदलले नाहीत. हवेचंही तेच. तुम्ही तुमच्या फेऱ्यांच्या आधी डाव्या टायरात हवा भरायचात, मी माझ्या आधी फुस्सकन सोडायचो, आणि क्लबातली पोरं टाळ्या वाजवायची.

तुमचा उलट्या फेऱ्यांचा रविवार आठवून काल मला मांडवात हसू आलं. तुम्ही क्लबाला पटवलंत, की अर्धा दिवस फेऱ्या उलट दिशेनं मारायच्या, म्हणजे उजव्या टायरालाही त्याचा वाटा मिळेल. युक्तिवाद बिनतोड होता. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. इतकी वर्षं सगळ्यांचे पाय एकाच दिशेला सवयीचे झालेले. कुठे ब्रेक दाबायचा ते डोक्याला नाही, पायाला माहीत. उलट फिरल्यावर तिसऱ्या वळणाशी पहिली गाडी सरळ बाजरीत गेली. तिच्या मागून दुसरी. पहिली गाडी कुणाची, हे सांगायची गरज नाही. तुम्ही बाजरीतून उतरलात, कणसं झटकलीत आणि क्लबवाल्यांना म्हणालात, “पन टायर बघा, कसा सारखा झिजलाय.” 

आता मुद्द्यावर येतो. गेल्या दसऱ्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे डावा टायर सुधारला. खडूची रेघ पूर्वी अर्धी पुसली जायची, ती आता जेमतेम टोकाला पुसली जायला लागली. बाहेरची कड शाबूत. हात फिरवला तर दोन्हीकडून सारखा. मला कारण लगेच कळलं. त्या मोसमात मी वळणावर स्टिअरिंग हळू फिरवायचा सराव करत होतो. तुम्हाला टायरजवळ ओढत नेऊन मी म्हणालो होतो, “बघा दाजी, याला म्हणतात हात. ना तुमचं फिरवणं, ना माझं झुकवणं. नुसता हात सुधारला.” तुम्ही खाली बसून रेघ बघितलीत आणि म्हणालात, “सुधारलाय खरा.” मी ते क्लबात सगळ्यांना सांगितलं. पुढचे दोन महिने सांगत होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्हाला नवं खूळ लागलं. ट्रॅक असो वा नसो, दर रविवारी संध्याकाळी अंगणात चटई टाकायची, स्टिअरिंग पूर्ण वळवायचं, आडवं पडून चाकाच्या आत हात घालायचा आणि मग स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडायचं, “आतली कड ठीक आहे!” एरवी तुमची बोली गावाकडची, पण हे वाक्य शाळेतल्यासारखं शुद्ध. आतून ताई ओरडायची, “मग उठा आता. चहा गार होतोय.” मी ओट्यावर बसून टोमणे मारायचो. “आतली कड ठीकच असणार दाजी, तुम्ही चाक झुकवू द्याल तर ती झिजेल ना!” तुम्ही चटई झटकायचात आणि माझ्या शेजारी येऊन बसायचात. एवढं झालं तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. स्वतःच्या हातावर खूश असलेल्या माणसाला बाकी काही दिसत नाही.

मेच्या शेवटच्या रविवारी चहा पिताना तुम्ही विचारलंत, “येत्या शनिवारी मोकळा हायेस का? गाडी जरा सातपूरला न्यायची हाय.” मी म्हटलं, कशाला? “ये तर. तिथं सांगतो.” शनिवार उजाडलाच नाही. त्या दिवसांबद्दल मी काही लिहिणार नाही. हॉस्पिटलचा तो जिना, ती बाकडी, ताईचं ते न रडणं, हे सगळं तुमच्या माझ्या गोष्टीतलं नाही.

शाळा उघडली आहे. तुमची लेक चिऊ काल रात्री पुण्याला परत गेली, तिची परीक्षा आहे. ताई म्हणाली, सोमवारपासून मी जाणार, घरात बसून माझं डोकं फिरेल. तिच्यासोबत गाडीत आणखी दोन बाई असतात. घोटीपासून पुढे आता चार महिने रस्ता कोरडा सापडायचा नाही. इतकी वर्षं ती बिनधास्त जायची कारण गाडीखाली तुम्ही होतात. आता तुम्ही नाही, आणि सोमवारी ती पांढरी निघणार. एवढी एकच काळजी माझ्या डोक्यात आहे, दाजी. बाकीचं सगळं होईल.

म्हणून आज दुपारी गाडी घेऊन मी सातपूरला सलीमभाईंच्या अलाइनमेंटच्या दुकानात गेलो. तुमचा शब्द मोडायचा नाही असं ठरवून गेलो होतो. चाक झुकवायला आता मला कोण अडवणार होतं? पण म्हटलं, नाही. तुम्हाला सरळ हवं होतं, सरळच राहील. सलीमभाईंना म्हणालो, “पुढची दोन्ही चाकं सरळ आहेत ना तेवढं तपासा. सोमवारी ताई इगतपुरीला जाणार आहे.”

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “सुनीलभाई, सरळ कुठून असणार? दसऱ्यानंतर तुमच्या दाजींनी झुकवून घेतलीत ना. स्वतः इथे उभे राहिले.”

मला वाटलं, त्यांचा काहीतरी घोटाळा होतोय. त्यांनी चाकाला मशीन लावलं आणि काटा दाखवला. झुकाव होता. मी मागत होतो त्याच्या बरोब्बर अर्धा.

“मला का नाही सांगितलंत?”

“दाजी बोलले, मेहुण्याला सांगू नका. डोक्यावर बसेल.” सलीमभाईंना हसू आलं आणि लगेच त्यांनी तोंड फिरवलं. मग म्हणाले, “शाळा उघडायच्या आधी सरळ करायला आणतो, असं ठरलं होतं. पावसात बाईंना सरळ चाक पाहिजे. अन् त्या दिवशी मेहुण्यालाही घेऊन येतो बोलले. त्याचं तोंड बघायचंय बोलले.”

बघितलंत का मग तोंड? सातपूरच्या त्या दुकानात, ग्रीसच्या वासात, चार गिऱ्हाइकांच्या देखत मी ओक्साबोक्शी रडलो, दाजी. रडता रडता हसत होतो. माझा हात सुधारला म्हणे! सगळ्या क्लबाला सांगत सुटलो होतो मी. आणि तुम्ही खाली बसून, रेघ बघून, “सुधारलाय खरा.” एवढा आतल्या गाठीचा माणूस मी पाहिला नाही.

सलीमभाईंनी चाकं सरळ केली. मी गाडीखालच्या खड्ड्यात, पिटमध्ये उतरून दोन्ही टायरांच्या आतल्या कडा बघितल्या. आठ महिने झुकून चालली होती गाडी, तरी कडा शाबूत. का, तेही कळलं. तुम्ही अर्धं झुकवलंत आणि फिरवायचं सोडलं नाहीत. अर्धं माझं ऐकलंत, आपलं सगळं चालू ठेवलंत. दहा वर्षं मी म्हणत होतो की दोन्हींतलं एकच बरोबर असू शकतं. त्या मुद्द्यावर मी हरलो. झुकवण्याच्या मुद्द्यावर मी जिंकलो. दुसरं वाक्य मी सगळ्यांना सांगणार आहे. पहिलं तुमच्यापुरतं.

घरी आलो तर ताई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगायला लागलो, तिनं मधेच थांबवलं.

“मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“अरे, रोज गाडी मी चालवते. माझ्याच गाडीचं चाक मला न विचारता वाकडं करतील होय ते? माझ्यासमोर बसले, खडूनं फरशीवर चित्र काढून दाखवलं. म्हणाले, सुनीलचं बरोबर आहे पण पूर्ण नाही. अर्धं करून बघू का? मी म्हटलं करा, पण दर रविवारी आतली कड बघायची आणि मला ओरडून सांगायचं. ओरडून, म्हणजे विसरलात तर मला कळेल.”

म्हणजे ते खूळ नव्हतं. तो तुम्हा दोघांचा करार होता, आणि मी ओट्यावर बसून त्याची टर उडवत होतो.

“मला तरी सांगायचंस,” मी म्हटलं.

“त्यांनी शब्द घेतला होता. तुझं तोंड त्यांना स्वतः बघायचं होतं.” तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. तेरा दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज हलला. “फार उत्सुक होते रे.”

 ताईनं पदरानं डोळे पुसले, उठली आणि एकदम बाईंच्या आवाजात म्हणाली, “पावसात सरळ राहू दे. दसऱ्यानंतर पुन्हा अर्धं झुकव. अर्धंच, जास्त शहाणपणा नको. आणि क्लबाला सांग, पांढरी येणार आहे.”

“बरं.”

“आतली कड बघितलीस?”

“सलीमभाईंकडे पिटमध्ये उतरून बघून आलो.”

“तिथे काय बघितलंस ते मला काय माहीत? इथे बघ.” आणि ती आत गेली.

चटई तुमच्या नेहमीच्या जागी, मीटरच्या खोक्यामागे उभी होती. मी ती अंगणात टाकली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं. आडवा पडलो आणि चाकाच्या आत हात घातला. तिथे खाली बघण्यासारखं फारसं काही नसतं, अंधारच असतो. सगळं हातालाच कळतं. डोळे उघडे ठेवून उपयोग नाही म्हणून मी ते मिटले, आणि तेव्हा मला समजलं तुम्ही का मिटायचात. तळहात आधी आतून बाहेर नेला, मग बाहेरून आत. दोन्हीकडून सारखा सरकला. पुन्हा एकदा बघितलं. मग उजवं चाक. “कोन बघनार? तू?” हा तुमचा प्रश्न इतकी वर्षं उभा होता. दर रविवारी बघेन, दाजी. हसू नका.

मग मी घसा साफ केला आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडलो, “आतली कड ठीक आहे!”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. नळ चालू होता, तोही बंद झाला. मी गाडीखाली तसाच पडून राहिलो.

मग तिचा आवाज आला, नेहमीसारखाच मोठा. “मग ऊठ आता. चहा गार होतोय.”

मी लगेच उठलो नाही.